परसातली कोंबडी, रानातला शिकारी आणि धोरणातली फट

विसाव्या पशुगणनेच्या २०१९ मधील आकड्यांत एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटली. देशातील कुक्कुट पक्ष्यांची एकूण संख्या ८५ कोटी १८ लाखांवर गेली आणि २०१२ च्या तुलनेत ती १६.८ टक्क्यांनी वाढली, एवढे ठळकपणे छापून आले. मात्र ही वाढ झाली कोठे, हा प्रश्न मागे पडला. व्यावसायिक पोल्ट्रीतील पक्ष्यांत जेमतेम ४.५ टक्क्यांची भर पडली होती. परसातील पक्षी मात्र ४५.८ टक्क्यांनी वाढून ३१ कोटी ७० लाखांवर पोहोचले होते. देशातील दर आठ पक्ष्यांपैकी सुमारे तीन पक्षी आज शेडमध्ये नव्हे, तर अंगणात, उकिरड्यावर, बांधावर आणि जंगलाच्या कडेला चरतात.

या पक्ष्यांच्या मालकीण बहुधा स्त्रिया असतात. त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा दुधाच्या डेअरीच्या खात्यावर नसतात; पण अंड्यांचे आणि कोंबडीचे पैसे त्यांच्या हाती येतात. मुलांच्या वह्या, बाजारहाट, अचानक आलेले दवाखान्याचे भाडे यांना हाच पैसा उपयोगी पडतो. आदिवासी भागात तर घरातील प्रथिनांचा तो मुख्य स्रोत असतो. म्हणूनच केंद्र आणि राज्ये गेली अनेक वर्षे परसातील कुक्कुटपालनाला पोषण आणि महिला सक्षमीकरणाचे साधन मानत आली आहेत. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा यांसारखे सुधारित पक्षी त्यासाठीच तयार झाले. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या किमतीचा बोलबाला झाला.

मोकळी चरणारी कोंबडी स्वस्त पडते ती याचमुळे, की तिचे निम्मे खाद्य ती स्वतः शोधते. पण ज्या मोकळेपणामुळे तिचा खर्च वाचतो, तोच मोकळेपणा तिला मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घार आणि शिक्रा यांच्या तोंडी देतो. परसातील कोंबड्यांचे सर्वांत मोठे मारक कारण आजही रानीखेत हा रोग आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही रानीखेतसाठी लस आहे, लसीकरणाचा कार्यक्रम आहे, तो राबविणारा विभाग आहे. भक्षकांकडून होणाऱ्या नुकसानीसाठी यांपैकी काहीही नाही. पशुसंवर्धन विभागाच्या दृष्टीने हा वनखात्याचा विषय आहे आणि वनखात्याच्या दृष्टीने कोंबडी हा विषयच नाही.

नुकसान कसे होते, हे समजून घेतल्याशिवाय उपायांची चर्चा व्यर्थ ठरते. ते साधारणपणे दोन वेळी, दोन तऱ्हांनी होते. दिवसा पिल्ले जातात. घार, शिक्रा, डोमकावळा, भारद्वाज आणि जंगलालगत मोरघार हे पक्षी पहिल्या सहा आठवड्यांतील पिल्ले उचलतात. मुंगूसही दिवसाच फिरणारा प्राणी आहे. कुंपणाच्या झुडपातून येऊन तो पिल्लू घेऊन जातो आणि घरच्यांना केवळ संख्या कमी झाल्याचे कळते. रोज एक, दोन दिवसांनी आणखी एक, अशी ही गळती असते. तिची तक्रार कोणी करत नाही आणि नोंदही कोठे होत नाही.

रात्रीचे नुकसान याहून वेगळे असते. रानमांजर, उदमांजर किंवा कोल्हा खुराड्यात शिरला की बहुतेक वेळा एकच कोंबडी नेऊन थांबत नाही. बंदिस्त जागेत पक्ष्यांना पळता येत नाही, त्यांची फडफड चालूच राहते आणि त्या फडफडीने शिकाऱ्याची मारण्याची प्रवृत्ती पुन्हापुन्हा चेतवली जाते. खाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक मारण्याचे हे वर्तन प्राणिशास्त्रज्ञांनी अनेक मांसाहारी प्राण्यांत नोंदवले आहे. रानात अशी संधी क्वचितच मिळते; माणसाने बांधलेल्या कमकुवत खुराड्यात ती सहज मिळते. सकाळी दार उघडल्यावर दहा-पंधरा पक्षी मरून पडलेले दिसतात आणि त्यातील एखादाच खाल्लेला असतो. ‘नुसता जीव घ्यायला आला होता’ हा गावकऱ्यांचा संताप या दृश्यातून जन्मतो. विषाची बाटली आणि फासा बाहेर निघतो तोही याच सकाळी.

येथे कायदा आडवा येतो, आणि तो यावा हेच योग्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मारणे, पकडणे, विष घालणे आणि फासे लावणे या सर्वांचा समावेश ‘शिकार’ या व्याख्येत होतो. कोंबडीवर टपणारे मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घोरपड आणि शिकारी पक्षी हे सारे संरक्षित आहेत. कावळा, उंदीर आणि फळे खाणारी वटवाघळे यांना उपद्रवी मानणारी जुनी पाचवी अनुसूचीही २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कलम ११ नुसार स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावासाठी सद्‍हेतूने प्राणी मारला गेल्यास तो गुन्हा ठरत नाही. पण कोंबडी म्हणजे ‘दुसरा माणूस’ नव्हे. मालमत्तेचे नुकसान करणाऱ्या दुय्यम अनुसूचीतील प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात खरे. परंतु एका खुराड्यासाठी ती परवानगी कोणी मागितली आणि मिळाली, असे व्यवहारात घडत नाही.

त्यामुळे जे घडते ते चोरून घडते. मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक भरून ठेवले जाते. ते खाऊन गुन्हेगार प्राणी मरेलच असे नाही; कुत्रे, घारी, गरुड आणि गिधाडे मात्र मरतात. खुराड्याभोवती थेट वीजवाहिनीवरून तार ओढली जाते. तिच्यात रानमांजराइतकेच शेजारचे मूलही अडकू शकते. पश्चिम बंगालमध्ये हावड्याच्या दलदलीच्या पट्ट्यात राज्यप्राण्याचा मान असलेल्या मासेमार मांजराचा बळी कोंबड्या-शेळ्यांच्या रागातून जातो. मुंगसांच्या केसांचा रंगकामाच्या कुंचल्यांसाठी होणारा बेकायदा व्यापार देशात आजही उघडकीस येतो. कोंबडीच्या रागापोटी मुंगूस पकडणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत जावे लागत नाही, ही त्यातील अधिक गंभीर बाब.

आणखी एक हिशेब गावाने आणि धोरणकर्त्यांनीही मांडायला हवा. राजस्थानातील सरिस्का परिसरातील रानमांजरांच्या अभ्यासात एक प्राणी दिवसाला तीन ते पाच उंदीर-घुशी खातो, असा अंदाज निघाला होता. धान्याच्या कणगीजवळ राहणाऱ्या कुटुंबासाठी ही सेवा थोडी नव्हे. मुंगूस साप आणि उंदीर दोन्ही मारतो. उसातील उंदरांच्या बंदोबस्तासाठी १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगूस जमैकाला नेण्यात आले. काही वर्षांतच तेथील पक्षी आणि कोंबड्या त्यांच्या वंशजांनी धोक्यात आणल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे. जेथे हा प्राणी मूळचा आहे, तेथे तो संपूर्ण साखळीत बसलेला आहे आणि त्याला उपटून काढले तर त्याची जागा उंदीर घेतात, मांजरे घेतात, किंवा मोकाट कुत्री घेतात.

मोकाट कुत्र्यांचा उल्लेख येथे टाळता येत नाही. ‘जंगली जनावराने कोंबड्या मारल्या’ असे ज्या घटनेविषयी सांगितले जाते, तिच्यामागे अनेकदा गावातलेच कुत्रे किंवा शेजारचे मांजर असते. पंख विखुरलेले, पक्षी फाडलेले पण न नेलेले, कुंपण उचकटलेले, ही कुत्र्यांची लक्षणे. डोके वा मान तेवढी खाल्लेली, शरीर शाबूत, जाळीचे छिद्र लहान, ही मुंगूस किंवा उदमांजराची. अंडी नाहीशी आणि टरफलांचा पत्ता नाही, तर साप किंवा घोरपड. ही ओळख पटवता आली तरच उपाय नेमका होतो. ती पटविण्याचे साधे प्रशिक्षण कोणत्याही शासकीय कुक्कुटपालन शिबिराच्या वेळापत्रकात असले पाहिजे. लसीकरण, खाद्य आणि विपणन यांच्या पलीकडे ही शिबिरे सहसा जात नाहीत.

आता भरपाईचा प्रश्न. बहुतेक राज्यांत वन्यप्राण्यांनी पशुधन मारल्यास भरपाई मिळते. महाराष्ट्रात गाय, बैल, म्हैस यांच्यासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये यांपैकी कमी असलेली रक्कम, तर मेंढी-बकरीसाठी हीच मर्यादा १५ हजार रुपये आहे. ही सारी रचना मोठे जनावर आणि मोठा शिकारी डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. भरपाईस पात्र प्राण्यांच्या याद्यांत सहसा वाघ, बिबट्या, लांडगा, अस्वल, तरस असतात. मुंगूस, उदमांजर, घार नसतात. मृत जनावर जागेवरून न हलवता ठरावीक मुदतीत वनखात्याला कळवायचे, पंचनामा व्हायचा, मग प्रस्ताव पुढे जायचा. घारीने उचललेल्या पिल्लाचा पंचनामा कशाचा करणार? एका कोंबडीच्या किमतीपेक्षा वनरक्षकाच्या एका फेरीचे पेट्रोल महाग पडते.

म्हणूनच प्रत्येक पक्ष्यामागे भरपाई द्या, ही मागणी भावनिकदृष्ट्या रास्त असली तरी व्यवहारात टिकणारी नाही. खोट्या दाव्यांची छाननी करता करता यंत्रणा थकेल आणि खऱ्या पीडितेच्या हाती काही पडणार नाही. तथापि कोंबडीची किंमत शासनाला ठरवताच येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आढळला, तेव्हापासून संसर्गाच्या परिघातील पक्षी नष्ट करताना मालकांना प्रतिपक्षी दराने मोबदला देण्याची पद्धत आहे. त्याचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात, आणि त्यात परसातील पक्षीही येतात. शासनाने स्वतः मारलेल्या कोंबडीला दर आहे. शासनाने संरक्षण दिलेल्या प्राण्याने मारलेल्या कोंबडीला दर नाही. एका रात्रीत ठरावीक संख्येहून अधिक, समजा दहाहून अधिक पक्षी मेले आणि पशुवैद्यकीय कर्मचाऱ्याने ते पाहिले, तर हाच दर लावण्यात प्रशासकीय अडचण फारशी दिसत नाही.

पिकांच्या बाबतीत केंद्राने ही वाट आधीच धरली आहे. वन्यप्राण्यांकडून होणारे पिकांचे नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत खरीप २०२६ पासून अतिरिक्त संरक्षण म्हणून समाविष्ट करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. ७२ तासांत छायाचित्रासह कळविण्याची अट त्यात आहे. रानडुकराने उद्ध्वस्त केलेल्या मक्याला जे मिळू शकते, ते कोल्ह्याने उद्ध्वस्त केलेल्या खुराड्याला का मिळू नये, हा प्रश्न त्यानंतर विचारला जाणारच.

पण खरा वाद भरपाईच्या आधीचा आहे. ग्रामीण परसातील कुक्कुट विकासाच्या जुन्या केंद्रीय योजनेत दारिद्र्यरेषेखालील लाभार्थ्याला चार आठवडे वाढवलेली ४५ पिल्ले टप्प्याटप्प्याने देण्यात येत आणि रात्रीच्या निवाऱ्यासाठी थोडी रक्कमही देण्यात येत असे. रक्कम तुटपुंजी होती. तीत चांगले खुराडे होणे कठीण होते. तरी पक्ष्यासोबत निवारा द्यायचा असतो, हे तत्त्व त्यात होते. २०२१ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानाची पुनर्रचना झाली आणि भर उद्योजकतेवर आला. किमान १,००० पक्ष्यांचे मातृकुक्कुटगृह, उबवणी केंद्र आणि पिल्ले वाढवणारे युनिट उभारणाऱ्याला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पिल्लांचा पुरवठा वाढण्यासाठी हे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु त्या युनिटमधून बाहेर पडलेले पिल्लू ज्या अंगणात जाते, त्या अंगणातील खुराड्याची काळजी या रचनेत दिसत नाही. पुरवठ्याचा नळ मोठा केला आणि बादलीचे भोक तसेच ठेवले, असा हा प्रकार आहे.

यात एक जैविक गुंतागुंतही आहे. गावठी खुडूक कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, घारीची सावली पडताच इशारा देते आणि पिल्ले झुडपाखाली धावतात. कोंबडा तर आकाशातील शत्रूसाठी एक आणि जमिनीवरील शत्रूसाठी वेगळाच आवाज काढतो. सुधारित जातींत अंडी वाढवण्यासाठी खुडूकपणा कमी करण्यात आला आहे. यंत्रात उबलेले, दिव्याखाली वाढलेले पिल्लू आईविना अंगणात येते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने आपल्या जातींना रंगीत पिसारा आणि लांब पाय ठेवले ते लपता यावे, पळता यावे म्हणून. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील जातीच्या संकरातून काढलेल्या पक्ष्याला ‘निर्भीक’ हे नाव दिले, कारण तो झुंजार आहे आणि स्वतःचा बचाव करू शकतो. संशोधकांनी आपले काम केले आहे. पण वजनदार सुधारित पक्षी झाडावर उडून बसण्यात गावठी कोंबडीची बरोबरी करू शकत नाही, आणि वितरणाच्या यादीत पक्षी निवडताना जंगलालगतचे गाव आणि सपाटीवरचे गाव यांत फरक केला जात नाही.

उपाय नवे नाहीत. मराठीत संध्याकाळी कोंबड्या ‘डालतात’. बांबूचे डालगे पालथे घालून त्याखाली पिल्लांसह कोंबडी ठेवणे ही शतकांची रीत आहे. तीच रीत दिवसाही पहिले सहा आठवडे पाळली, म्हणजे पिल्ले डालग्याखाली वा झाकलेल्या छोट्या आवारात ठेवून मग मोकळी सोडली, तर पक्ष्यांकडून होणारी बहुतेक हानी टळते. रात्रीसाठी जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, बांबू-लाकडाचे खुराडे, पायांना पत्र्याचे कोन आणि दाराला हिसका देऊन न उघडणारी कडी, एवढे पुरते. जाळीची निवड मात्र चुकते. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी छिद्रांची जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते. शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. रानमांजर ती ताणते, मुंगूस तिच्याखालून उकरतो. अर्धा इंच छिद्राची वेल्डेड जाळी आणि तिची खालची फूटभर पट्टी जमिनीत पुरलेली किंवा बाहेरच्या बाजूला आडवी टाकून मातीने झाकलेली, हे महाग पण टिकाऊ उत्तर आहे. नायलॉनची जुनी मासेमारी जाळी वरून पांघरल्यास घार थांबते. तीच जमिनीलगत लोंबकळली तर धामण, नाग आणि घोरपड तिच्यात गुदमरून मरतात.

सांडलेले खाद्य रात्री तसेच राहू दिले की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात, ही साधी गोष्टही सांगावी लागते. लुकलुकणारे सौर दिवे काही आठवडे उपयोगी पडतात. जनावर सरावले की त्यांचा धाक संपतो.

सर्वत्र सरसकट सांगितला जाणारा एक सल्ला मात्र महाराष्ट्राच्या संदर्भात तपासून घ्यावा लागेल, तो म्हणजे राखणीला कुत्रा ठेवावा. कोल्हा आणि उदमांजर यांच्यापुरता तो बरोबर आहे. पण अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव कुत्र्याचा असल्याचे आढळले होते. जुन्नर, शिरूर, अकोले, संगमनेर या उसाच्या पट्ट्यात अंगणात बांधलेला कुत्रा कोंबड्यांचे रक्षण करता करता त्याहून मोठ्या पाहुण्याला निमंत्रण देऊ शकतो. तेथे पक्क्या खुराड्याला पर्याय नाही, आणि कुत्राही रात्री आतच हवा.

या साऱ्याचा खर्च एका कुटुंबाला जड असला तरी योजनेच्या हिशेबात किरकोळ आहे. पिल्ले वाटताना निवाऱ्याचा निधी पूर्ववत जोडणे, तो आजच्या जाळी-बांबूच्या भावाशी निगडित ठेवणे आणि जंगलालगतच्या गावांत आधी खुराडे, मग पिल्ले असा क्रम ठेवणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. वनक्षेत्रालगतच्या गावांमध्ये वनखाते ग्रामपरिसर विकासाच्या योजना राबवतेच. स्वयंपाकाच्या गॅसबरोबर जाळीदार खुराडे त्यात बसू शकते.

उणीव आहे ती नोंदीची. पशुगणना दर काही वर्षांनी जिवंत पक्षी मोजते. किती पक्षी कोणत्या कारणाने गेले, हे ती विचारत नाही. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील पशुसखी आज अनेक राज्यांत लसीकरणासाठी घरोघरी जातात. त्यांच्या वहीत ‘रोगाने मेले’ या रकान्याशेजारी ‘जनावराने मारले’ हा एक रकाना आणि त्यापुढे कोणत्या जनावराने, दिवसा की रात्री, एवढी नोंद वाढली, तर वर्षभरात निवारा कोणत्या गावात आधी द्यायचा हे ठरविण्यापुरती माहिती जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाच्या हाती येईल.